ठेका कुणाच्या घरात गेला?

ग्रामपंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे, तो सदस्य राहू शकत नाही, असं १९५८च्या आपल्या ग्रामपंचायत कायद्याचं कलम १४ सांगतं. भांडण पेटतं ते पुढे. काम मुलाने, नवऱ्याने किंवा दिराने घेतलं तर काय?

जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या नगरपालिका कायद्याखालचं एक प्रकरण १९६६ साली सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. उमेदवाराचा मुलगा नगरपालिकेच्या नोकरीत होता. नुसतं बाप-लेकाचं नातं पुरेसं नाही, बापाचा त्या नोकरीत आर्थिक हितसंबंध दिसला पाहिजे, असा निकाल लागला. एका साध्या नोकरीपुरता तो मला रास्त वाटतो. पण ठेक्याची गोष्ट वेगळी. ठेक्याचं बिल मंजूर करणारा हात आणि ते उचलणारा हात एकाच घरातले असू शकतात.

२०१२ साली गोव्यातून आलेल्या प्रकरणात नेमकं हेच होतं. पंचायतीचं काम नवऱ्याकडे, बायको पंचायत सदस्य. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा लागू आहे, आणि एरवी वेगळा करार नसेल तर लग्नानंतर मिळकत दोघांची सामाईक होते. म्हणजे नवऱ्याच्या ठेक्यातला नफा कायद्यानेच बायकोचाही. सर्वोच्च न्यायालयाने तिला अपात्र ठरवलं. आपल्याकडे अशी सामाईक मिळकत नाही, त्यामुळे हे उत्तर जसंच्या तसं इकडे लागत नाही. संसार मात्र इथेही एकाच पैशावर चालतो.

सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाबाबत आपणही थोडं पुढे सरकलो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालात अपात्रता फक्त मूळ अतिक्रमण करणाऱ्यापुरती ठेवली होती. वर्षभराच्या आतच, २०१८ मध्ये, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते चुकीचं ठरवलं: कुटुंबाच्या अतिक्रमणात राहणारा सदस्यही अपात्र.

दरम्यान चौदाव्या वित्त आयोगाचा निधी २०१५पासून थेट ग्रामपंचायतींच्या खात्यात येऊ लागला. गटार, पेव्हर ब्लॉक, पाण्याची टाकी यांच्या निर्णयांचं वजन वाढलं. प्रोसिडिंग बुक उघडून पाहा. विषय क्रमांक, सूचक, अनुमोदक, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. ज्याच्या मेहुण्याला काम मिळालं तो सदस्य त्या विषयापुरता उठून बाहेर गेला, अशी नोंद कितीदा सापडते? तक्रार केली तर आधी जिल्हाधिकारी, मग विभागीय आयुक्त, मग हायकोर्ट. तोवर पाच वर्षांची मुदत सरत येते, सिमेंटही वाळून जातं, आणि तक्रारदाराला मात्र त्याच गल्लीत राहायचं असतं.

म्हणून मला खटल्यांपेक्षा आधीच्या नोंदीची निकड जास्त वाटते. कोटेशनं उघडण्यापूर्वी प्रत्येक सदस्याने आणि ग्रामसेवकानेही ठेकेदाराशी असलेलं नातं लेखी द्यावं, आणि ती नोंद ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी.