न दुखणारा पाय

पाय दुखू लागला की माणूस दवाखान्यात येतो. मला अधिक काळजी असते ती न दुखणाऱ्या पायाची. आज मुख्यतः त्याच्याविषयी सांगायचे आहे. पण दवाखान्यात रोज येणाऱ्या तक्रारी वेगळ्या असतात, म्हणून आधी त्या पाहू.

माझा दवाखाना बेसा येथे आहे. एके काळी हे नागपूरबाहेरचे शेतीचे गाव. आता फ्लॅट झाले, घरोघर गुळगुळीत टाइल्स आल्या. पाश्चात्त्य देशांत पायाच्या विकारांसाठी पोडियाट्रिस्ट नावाचा स्वतंत्र तज्ज्ञ असतो. आपल्याकडे असे शिक्षण घेतलेली माणसे फार थोडी. त्यांचे काम अस्थिरोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, मधुमेहतज्ज्ञ आणि माझ्यासारखे साधे डॉक्टर वाटून घेतात.

सर्वांत जास्त येते ती टाचदुखी. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकले की टाचेत सुरी खुपसल्यासारखी कळ येते आणि थोडे चालल्यावर ती कमी होते. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो. टाचेशी तो ओढला गेला की हे दुखणे सुरू होते. एक्स-रेत हाड वाढलेले दिसले की घरचे घाबरतात. पण ज्यांची टाच आयुष्यात दुखली नाही अशांचेही हाड वाढलेले सापडते, तेव्हा सगळा दोष त्या हाडाला देऊ नये. भिंतीला हात टेकून पोटरी ताणण्याचा व्यायाम, बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवणे आणि घरातही मऊ चप्पल, एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो. काही महिने मात्र लागतात. अडचण येते ती चपलेपाशी. स्वयंपाकघरात चप्पल घालायला बायका तयार नसतात. मी त्यांना सांगतो, घरापुरती वेगळी चप्पल ठेवा, ती उंबऱ्याबाहेर नेऊ नका. इंजेक्शन थोड्यांनाच लागते, शस्त्रक्रिया त्याहून थोड्यांना.

दुसरा प्रकार, पाय मुरगळणे. पाठीतली उसण पायाळू माणसाकडून काढून घेणारे आपले लोक मुरगळलेला घोटाही कुणाकडून तरी चोळून घेतात. पहिले दोन दिवस चोळू नये, शेकूही नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी पंधरा-वीस मिनिटे लावावा, क्रेप बँडेज बांधावे, पाय उशीवर उंच ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर मागच्या कडेला दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. सूज उतरली की लोक विसरतात आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो. रोज थोडा वेळ एका पायावर तोल सांभाळून उभे राहण्याचा व्यायाम कंटाळवाणा खरा, पण पुन्हा मुरगळणे त्यानेच टळते.

पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. बेचके कोरडे ठेवावे आणि बुरशीचे मलम लावावे. नखे सरळ कापावीत. कोपरे गोल कोरले की नख मांसात रुतते. कुरूप हे चुकीच्या जागी पडणाऱ्या दाबाने होते, म्हणून चप्पल बदलली नाही तर काढलेले कुरूप परत येते. ब्लेडने घरी कापणे तर नकोच. कुरुपाच्या तयार पट्टीत आम्ल असते, ती मधुमेही माणसाने लावू नये.

आता मूळ विषयाकडे येतो. मे महिन्यात एक निवृत्त गृहस्थ आले. देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून आले होते. दोन्ही तळव्यांना मोठाले फोड. पत्नीने बळेच आणले होते. ते म्हणाले, "दुखत तर काहीच नाही जी, मग कशाला एवढं?" मला धडकी भरली ती त्या वाक्याने. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्या फरशीवर निरोगी माणूस उड्या मारील. यांना पंधरा वर्षांचा मधुमेह होता आणि तळव्याच्या नसा केव्हाच मुक्या झाल्या होत्या.

हे पाय नीट समजून घेण्याची विद्या आपल्याच देशात, कुष्ठरोगाच्या कामातून पुढे आली. विदर्भाला तर हे काम जवळचे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठसेवा सुरू केली. वरोऱ्याला आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती १९४९ सालची. बोटे रोगानेच झडतात असा तेव्हा समज होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की रोग नसा मारतो. पुढचा नाश होतो तो न कळलेल्या इजांमुळे. दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो. जखमेवरचा भार काढला तर तीच जखम भरते. त्यासाठी पायाच्या आकाराला नेमके बसणारे प्लास्टर आणि एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या चपला वापरात आल्या. ब्रँड १९६६ साली अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले, आणि हाच उपाय पुढे तिकडच्या मधुमेही पायांना लागू पडला.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात मधुमेही दहा कोटींहून अधिक आहेत. त्यांच्यासाठी एक घरगुती तपासणी सांगतो. माणसाने डोळे मिटावेत. घरच्याने त्याच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकाला बोटाने हलकेच, क्षणभर स्पर्श करावा. दाबू नये. सहापैकी दोन ठिकाणी कळले नाही, तर पाय धोक्यात आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. डॉक्टर नायलॉनच्या धाग्याने संवेदना पाहतात आणि पावलावरची नाडी चाचपून रक्तपुरवठा पाहतात. चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळत नसेल, तर तीही खूणच.

अशा माणसाने रोज रात्री तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवावा. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. खडा, चुंचुक, नातवाच्या खेळण्याचा तुकडा, काहीही निघते. पाण्याची ऊब कोपराने पाहावी. नवी पादत्राणे संध्याकाळी घ्यावीत, कारण तोवर पाय थोडा सुजलेला असतो. देवळात जायचे तर सकाळी लवकर जावे.

आणखी एक फसवे दुखणे आहे. मधुमेही माणसाचा एक पाय घोट्याशी लाल होतो, सुजतो, दुसऱ्याहून गरम लागतो, दुखत मात्र नाही. मुरगळला असेल म्हणून घरचे लेप लावतात. आत हाडे मोडत असू शकतात. त्याच दिवशी दाखवून प्लास्टर घातले तर पावलाचा आकार वाचतो. महिनाभर तसेच चालले तर तळव्याची कमान खाली बसते आणि तिथे जखमा होत राहतात.

जखम दिसली तर हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडे फडके बांधा, त्या पायावर भार न देता त्याच दिवशी दवाखाना गाठा. आमच्या त्या गृहस्थांचे फोड भरायला दोन महिने लागले. चालायचे नाही, एवढेच पथ्य त्यांना सर्वांत जड गेले.