नव्या खोलीत काय मांडायचे नाही

घर सजवायचे म्हणजे घरात काहीतरी आणायचे, असाच आपल्याकडे समज आहे. हल्ली मोठ्या लोकांच्या घरांत मात्र उलटी तऱ्हा सुरू झाली आहे. पांढरी भिंत, एक बैठक, एक दिवा आणि बाकी सगळी खोली मोकळी. याला ते मिनिमल सजावट म्हणतात आणि ती करून देणारा वर भरपूर पैसे घेतो. आमच्या शेजारच्या आजींनी मोबाईलवर असले चित्र पाहून एवढेच विचारले, "ह्यांचं सामान यायचंय का अजून?"

आजी हसवून गेल्या, पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपली कितीतरी कुटुंबे आज चाळीतून, झोपडीतून इमारतीत जात आहेत. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. झोपडपट्टी पुनर्वसनातले घर आधी २२५ चौरस फुटांचे होते, मग २६९ झाले, पुढे ३०० झाले. किल्ली हातात पडली की महिन्याभरात पलंग, सोफा, शोकेस हप्त्याने येतात. लिफ्टचा आणि देखभालीचा खर्च दर महिन्याला असतोच, त्यात हा हप्ता. आणि वर्षभरात घरातले शाळकरी पोर पुन्हा जिन्यात बसून अभ्यास करताना दिसते. आमचे सारे म्हणणे त्या पोरासाठी आहे.

मात्र "थोडक्यात राहा" हे आपल्या माणसांना सांगताना जीभ जपून वापरावी लागते. थोडक्यात राहणे आपल्या आजा-पणजांनी आवडीने निवडले नव्हते, ते त्यांच्यावर लादलेले होते. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये गुजरातेतली एक हकिकत दिली आहे. अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावी अस्पृश्यांच्या बायका पाणी भरायला धातूची भांडी वापरू लागल्या. तेवढ्यावरून सवर्णांनी त्यांच्यावर हल्ला केला. ही गोष्ट १९३५ ची, म्हणजे फार जुनी नव्हे. तेव्हा आपल्या घरच्या मांडणीवर स्टीलचे डबे ओळीने लखलखत असतील आणि कोणी शिकलेला पाहुणा "हा पसारा कशाला" म्हणाला, तर त्या भांड्यांमागचे त्याला काही ठाऊक नाही असे समजावे. मांडणी खुशाल ठेवा. चिंचेने घासलेल्या पितळी हंड्याइतकी देखणी वस्तू आम्ही तरी कुठल्या शोरूममध्ये पाहिली नाही.

गरिबाच्या घरी सामान साचते त्यालाही कारण असते. श्रीमंत माणूस वस्तू टाकतो, कारण लागली तर तो उद्या दुसरी आणू शकतो. आपल्याला ती भीती असते, म्हणून तुटका टेबलफॅनही माळ्यावर जातो. ही सवय एका दिवसात जाणार नाही, जावी असेही नाही. पण १४ एप्रिलच्या आधी घर धुऊन-पुसून काढायची आपली रीत आहेच, त्या वेळी माळा उतरवावा. दोन पावसाळ्यांत ज्याला हात लागला नाही ते कोणाच्या उपयोगाचे असेल तर द्यावे, नसेल तर भंगारात घालावे. कागदपत्रांना मात्र घाईने हात लावू नका. जातीचा दाखला, जुने रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, भाडेपावत्या यांची एक पत्र्याची पेटी करा. ती कधीही टाकायची नाही.

आता या मोकळ्या घराची कल्पना मुळात कोणाची, तेही पाहा. आज ती पैसेवाल्यांची चैन झाली असली, तरी तिचे एक मूळ कामगारांच्या घरांत आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची फार टंचाई होती. फ्रँकफर्ट शहराने कामगारांसाठी वसाहती बांधायला घेतल्या. त्यातल्या स्वयंपाकघराचा आराखडा १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन बाईने केला. रेल्वेच्या डब्यातले छोटे स्वयंपाकघर कसे चालते, याचा तिने अभ्यास केला होता. बाईला दिवसभरात किती पावले चालावी लागतात, हात कुठवर पोहोचतो, हे मोजून तिने साधारण ७० चौरस फुटांत सगळे बसवले. कपडे इस्त्री करायची फळी भिंतीला दुमडून ठेवायची. साखर, तांदूळ यांसाठी नावे घातलेले अ‍ॅल्युमिनियमचे खण. बसल्या बसल्या भाजी चिरता यावी म्हणून फिरते स्टूल. बाजूच्या खोलीला सरकते दार, म्हणजे काम करता करता पोरांवर नजर राहील. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे झाली. पुढे हीच बाई हिटलरशाहीविरुद्ध काम करताना १९४१ मध्ये पकडली गेली आणि युद्ध संपेपर्यंत तुरुंगात होती. हे सांगायचे कारण असे की तिच्या स्वयंपाकघरात एकही वस्तू दाखवण्यासाठी नव्हती. बाईचे कष्ट वाचावेत, एवढाच हिशेब होता.

तोच हिशेब आपण आपल्या खोलीला लावून पाहू. ६ फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब पलंग ३९ चौरस फूट जागा घेतो. तीन माणसांचा सोफा २१, टीपॉय ८, टीव्हीचे युनिट ९. एकूण ७७. म्हणजे ३०० फुटांच्या घराचा चौथा हिस्सा या चार वस्तूंखाली गेला. त्या ३०० मध्येच संडास, न्हाणीघर आणि ओटाही आला, हे विसरू नका. पलंगावर फक्त रात्री झोपायचे, जागा मात्र तो चोवीस तास अडवणार. गादीची वळकटी केली की सकाळी सहाला तीच जमीन परत मिळते. घरात गुडघे धरलेले म्हातारे माणूस असेल तर त्यांच्यासाठी ६ बाय अडीच फुटांचा पेटीचा दिवाण करा. आत गोधड्या राहतील आणि दिवसा त्यावर चार माणसे बसतील. जुनी ट्रंक चांगली असेल तर तिच्यावर गोधडीची घडी घाला, झाला बाक. टीपॉय आम्ही साफ नको म्हणू, तिच्यावर वर्तमानपत्रे आणि औषधाच्या बाटल्या यांशिवाय काही राहत नाही.

बाबासाहेब विद्यार्थी असताना परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत. तीच खोली स्वयंपाकाची, तीच झोपायची, तीच अभ्यासाची. वडील त्यांना रात्री लवकर झोपवून दोनच्या सुमारास उठवीत, कारण घरात शांतता तेवढ्याच वेळी मिळे. हे आपण भाषणांतून पुष्कळदा ऐकले आहे. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी.

म्हणून नव्या घरात पहिली वस्तू अभ्यासाची फळी असावी. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद फळी बिजागऱ्यांनी खिडकीजवळच्या भिंतीला लावायची, साखळीने धरायची, काम झाले की खाली सोडायची. उंची सव्वादोन ते अडीच फूट. मूल उजव्या हाताने लिहीत असेल तर उजेड डावीकडून यावा, म्हणजे वहीवर हाताची सावली पडत नाही. फळीच्या वर पुस्तकांची एक मांडणी. त्या भिंतीवर टीव्ही लावू नका, समोरच्याही नको. सुताराला आधी भिंत दाखवा. काही नव्या इमारतींत आतल्या भिंती हलक्या विटांच्या असतात, त्यांत साधा खिळा वजन धरत नाही.

रंगाचे फारसे सांगण्यासारखे नाही. फिका रंग उजेड परतवतो, खोली मोठी वाटते, दिवा उशिरा लावावा लागतो. निळ्याची हौस असेल तर एखादी पट्टी घ्या, चारही भिंती नकोत. पीओपीचे छत अर्धा फूट उंची खाते, ते राहू द्या. स्वयंपाकघरात भुशाच्या पाट्यांच्या ट्रॉल्या बसवू नका, ओल लागली की त्या फुगतात. कडप्प्याच्या दोन फळ्या आणि स्टीलचे रॅक वीस वर्षे टिकतात. बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर ओल नसलेल्या भिंतीवर, नजरेच्या किंचित वर लावा. तिच्या शेजारी घड्याळ, कॅलेंडर, मोत्यांची माळ, किल्ल्यांचे हुक असे काही नको.

दुकानात जाण्याच्या आधी एक काम करा. घेणार असाल त्या पलंगाचा आणि सोफ्याचा आकार नव्या खोलीत खडूने जमिनीवर आखा. त्या रेघांच्या आत पाय न टाकता आठ दिवस राहा. स्वयंपाक करा, कपडे वाळत घाला, पोराला अभ्यासाला बसवा, रविवारी पाहुणे आले तर त्यांनाही रेघेबाहेरच बसवा. मग काय घ्यायचे ते घरातल्या सगळ्यांनी, मुलांनीसुद्धा, मिळून ठरवा.