पाव तासात 45 अ‍ॅम्प्युल

वर्धा जिल्ह्यात ‘औषध’ हा शब्द दोन गोष्टींसाठी वापरतात. दवाखान्यात मिळतं ते औषध, आणि पंपात भरून कपाशीवर मारतात तेही औषधच. म्हणून रात्री आणलेल्या माणसाचा नातेवाईक ‘सिस्टर, यानं औषध घेतलं’ असं म्हणाला की सिस्टरचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘कोणतं? डबा आणला का?’ डब्यावरच्या चौकोनातला खालचा त्रिकोण लाल असेल तर विष अतिजहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. पण नाव कळेपर्यंत थांबायला वेळ नसतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, अंग घामानं निथळलेलं, नाडी मंद, छातीत घरघर. एवढ्यावरून ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाचा संशय घ्यायचा आणि कामाला लागायचं.

हिंगणघाट, समुद्रपूर, देवळीकडच्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्याला ही विषबाधा नवी नाही. शेजारच्या यवतमाळात 2017 च्या हंगामात फवारणी करता करताच सुमारे वीस जण दगावले, तेव्हा कुठे राज्याचं लक्ष तिकडे गेलं. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही इथल्या गंभीर रुग्णांची मोठी ठिकाणं.

शरीरात नेमकं होतं काय? मज्जातंतू आपला निरोप अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनामार्फत पोचवतात. निरोप पोचला की एक विकर त्या रसायनाचा लगेच निकाल लावतं. कीटकनाशक नेमकं त्या विकरालाच जखडून ठेवतं. मग निरोप येतच राहतात, ग्रंथी पाझरत राहतात आणि माणूस कोरड्या खाटेवर स्वतःच्याच फुप्फुसातल्या पाण्यात बुडू लागतो.

उतारा आहे अ‍ॅट्रोपिन. महाशिवरात्रीला पिंडीवर वाहतात त्या धोतऱ्यातही हेच द्रव्य असतं. ते अ‍ॅसिटिलकोलीनची जागा अडवून बसतं, पण निरोप मात्र देत नाही. आपल्याकडे 0.6 मिलिग्रॅमचं अ‍ॅम्प्युल मिळतं. एरवी नाडी मंदावली तर एखाद-दुसऱ्या अ‍ॅम्प्युलवर भागतं. इथे सुरुवातच 3 अ‍ॅम्प्युलांनी. पाच मिनिटांनी पाहायचं. फरक नसेल तर दुप्पट, म्हणजे 6. मग 12. मग 24. पाव तासात 45 अ‍ॅम्प्युल फुटतात, 27 मिलिग्रॅम औषध शिरेत जातं. एकटी सिस्टर काचेच्या माना मोडत बसली तर नाडी कोण पाहणार? म्हणून फोडणारी एक आणि टोचणारी दुसरी, अशी जोडी लागते.

थांबायचं कधी, ही खरी परीक्षा. मॉनिटरवर नाडीचा आकडा वर गेलेला दिसला की हात सैल पडतो, आणि घात तिथेच होतो. छाती स्वच्छ वाजायला हवी, काख कोरडी हवी, नाडी आणि वरचा रक्तदाब दोन्ही 80 च्या वर हवेत. काखेत हात घालून पाहण्याइतकी साधी तपासणी दुसरी नसेल, पण ती करणारं माणूस खाटेपाशी हजर लागतं. त्यानंतर एकूण लागलेल्या मात्रेचा 10 ते 20 टक्के भाग दर तासाला सलाईनमधून. जास्त झालं तर रुग्ण बरळतो, तापतो, पोटाची हालचाल थांबते, लघवी तुंबते. मग ड्रिप बंद करायची आणि लक्षणं उतरली की कमी वेगानं पुन्हा सुरू करायची.

औषध तेच, पण द्यायची रीत बदलली तर किती फरक पडतो, हे बांगलादेशातल्या चितगावात दिसलं. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत जुन्या पद्धतीनं थोडं थोडं अ‍ॅट्रोपिन दिलेल्यांपैकी 22.5 टक्के दगावले; मात्रा झपाट्यानं वाढवून मग ड्रिप लावलेल्यांपैकी 8 टक्के. पहिल्या गटात छाती-काख कोरडी व्हायला सरासरी अडीच तास लागले, दुसऱ्यात 24 मिनिटं. प्रॅलिडॉक्सिम या दुसऱ्या उताऱ्याबद्दल मात्र एकमत नाही. बारामतीच्या 2006 च्या अभ्यासात सलग ड्रिपचा फायदा दिसला, श्रीलंकेच्या 2009 च्या चाचणीत दिसला नाही.

अ‍ॅट्रोपिन स्नायूंच्या दुबळेपणावर चालत नाही, हेही ध्यानात ठेवावं लागतं. एक ते चार दिवसांनी, सगळं सावरलं असं वाटत असतानाच श्वासाचे स्नायू दगा देऊ शकतात. म्हणून जाणती सिस्टर दर फेरीला म्हणते, ‘भाऊ, उशीवरून मान उचला बरं.’ मान उचलता आली नाही तर व्हेंटिलेटर तयार ठेवायचा.

इंडियन नर्सिंग कौन्सिलनं 2016-17 च्या सुमारास क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला, त्यात प्रगत औषधशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. पण शिकवून झाल्यावर दर पाच मिनिटांनी डॉक्टरांच्या सहीची वाट पाहायला लावली, तर त्या शिक्षणाचा उपयोग काय? अ‍ॅट्रोपिनच्या वाढत्या मात्रेची लेखी मुभा सिस्टरला आधीच द्यायला हवी.

शेतात फवारताना कुणाला मळमळ, लाळ, घाम, अंधारी आली तर कपडे उतरवा, अंग साबणानं धुवा, 108 ला फोन करा आणि औषधाचा डबा सोबत न्या. जगणं नकोसं झालेलं कुणी ओळखीचं असेल, तर टेलि-मानसचा 14416 हा नंबर त्याला लावून द्या. फोनला पैसे पडत नाहीत.