बॅटरी आणि इन्व्हर्टरमधली ती दोन हात केबल

महावितरणची लाइन न पोचलेल्या शेतघरात सोलर बसतं, तेव्हा सगळ्यांचं लक्ष छपरावरच्या पॅनेलकडे असतं. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची दोन हात केबल कोणी फारशी पाहत नाही. ‘बारा व्होल्टच तर आहे, हात लावला तरी झटका बसत नाही,’ असं म्हणून काम उरकलं जातं. झटका बसत नाही हे खरं, पण आगीचा सर्वांत मोठा धोका तिथेच असतो.

साधा हिशेब करा. 1000 वॉटची इस्त्री 230 व्होल्टवर सव्वाचार अँपिअर घेते. तीच इस्त्री 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालवली, तर इन्व्हर्टरमधली घट धरून बॅटरीतून नव्वदहून अधिक अँपिअर खेचले जातात. 48 व्होल्टच्या संचात हा आकडा तेविसाच्या आसपास येतो. वायरमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच केबलमध्ये ती सोळा पटीने कमी होते. घर मोठं असेल तर 48 व्होल्टच घ्यावं, असं मी आग्रहाने सांगेन.

12 व्होल्टवर हा भार चालवायचाच असेल, तर 35 चौरस मिलिमीटरची लवचिक तांब्याची केबल आणि 125 अँपिअरचा डीसी फ्यूज लागतो. घरात प्लगसाठी ओढतात त्या अडीचच्या वायरचं इन्सुलेशन इथे थोड्याच वेळात वितळेल. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरातच हवा. तो इन्व्हर्टरजवळ बसवला, तर मधली केबल घासून शॉर्ट झाल्यावर तिला कोणीच वाचवत नाही. 150 एएचची लेड-अ‍ॅसिड बॅटरी शॉर्ट झाली, तर हजाराहून अधिक अँपिअर सोडू शकते. लिथियमच्या मोठ्या संचात करंट याहूनही जास्त जातो. तिथे तो तोडू शकणारा क्लास-टी फ्यूज घ्यावा.

फ्यूजऐवजी घरातलाच एखादा एमसीबी लावण्याचा मोह टाळा. 50 हर्ट्‌झचा एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून स्विच उघडताना उठलेली ठिणगी विझते. डीसी करंट शून्यावर येतच नाही. ठिणगी तशीच पेटत राहते आणि एमसीबी जळतो. डीसीसाठीचा वेगळा एमसीबी मिळतो. त्यावर पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या खुणा असतील, तर त्याप्रमाणेच जोडावा.

केबलच्या टोकाचा लग हातोडीने ठोकून बसवलेला असेल, तर तो काढायला लावा. आत तारांमध्ये पोकळी राहते, भार आला की सांधा तापतो, तापून आणखी सैल होतो, आणि वरची टेप हे सगळं झाकून ठेवते. हायड्रॉलिक क्रिम्पिंगने दाबलेला लग ओढून पाहिला, तरी हलत नाही.

काम करताना हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायचं. पान्याचं तोंड सोडून बाकी दांडा इन्सुलेशन टेपने गुंडाळायचा. जोडताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. सोडवताना याच्या उलट. घरात काळी वायर न्यूट्रलची असते आणि बॅटरीला काळीच निगेटिव्हची. दोन्ही एकाच पेटीत आणू नका.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत तो चार टक्के झाला की पेटू शकतो. म्हणून बॅटरी बंद कपाटात नको, देवघराशेजारी तर नकोच. लिथियमचं असं नाही, पण तिला बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) हवाच, आणि चार्जिंगचं सेटिंग लिथियमचंच हवं.

एसी बाजूला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवा. मात्र इन्व्हर्टरचा न्यूट्रल अर्थिंगशी कुठेच जोडलेला नसेल, तर आरसीसीबी बिघाडाच्या वेळी पडणार नाही. हा जोड कुठे आणि एकदाच कसा द्यायचा, हे इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत पाहून ठरवा. जनरेटर असेल किंवा उद्या लाइन येणार असेल, तर चेंजओव्हर स्विच आजच बसवा. दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर घरात कधीही वापरू नका. उघडी पिन हातात राहते, आणि लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या, आणि बिल देण्याआधी बॅटरीजवळचा फ्यूज स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.