‘लूट’ शब्दाचा प्रवास

इंग्रजी धड्यात ‘लूट’ हे क्रियापद आले की त्याचा अर्थ शोधण्यासाठी कोश उघडावा लागत नाही. उच्चार आपलाच, अर्थही आपलाच. हा योगायोग नव्हे; इंग्रजीने हा शब्द हिंदुस्थानातूनच नेला आहे.

त्याचे मूळ ‘लुण्ट्’ या संस्कृत धातूत आहे. ‘लुण्टाक’ म्हणजे लुटारू. मराठी ‘लुटणे’ आणि हिंदी ‘लूटना’ यांतून मधले अनुनासिक गळाले. गुजराती ‘लूंटवुं’ मध्ये मात्र ते आजही ऐकू येते.

शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये व पुन्हा ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत लुटली. पहिल्या स्वारीच्या वेळी जॉर्ज ऑक्झेंडन याने इंग्रजांची येथील वखार लढवून राखली. म्हणून हा शब्द इंग्रजांनी तेव्हाच सुरतेत उचलला असेल, असे कोणासही वाटावे. परंतु तसे घडलेले नाही. त्या काळी त्यांच्याजवळ ‘प्लंडर’ हा शब्द होता. आणि तोही युरोपातील तीस वर्षांच्या युद्धाच्या सुमारास जर्मन भाषेतून घेतलेला! ‘लूट’ इंग्रजी लिखाणात दिसू लागला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे कंपनीचे राज्य पसरत असताना. पुढे १८५७-५८ मध्ये गोऱ्या शिपायांनी दिल्ली व लखनौ लुटले, १८६० मध्ये पेकिंगजवळचा बादशाही राजवाडा लुटला, आणि हा शब्द इंग्रजीत पक्का रुजला. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची नोंद आहे.

इंग्रजांनी शब्द नेला, पण त्याचा एकच अर्थ नेला. आपण दसऱ्याला आपट्याची पाने ‘सोने’ म्हणून लुटतो. उत्तरायणात सुरतेची मुले कापलेले पतंग लुटतात. या लुटीत सक्ती नाही, आनंद आहे.

एक गोष्ट मात्र आपण सुरतकर मराठी मुलांनी ध्यानात ठेवावी. ‘सुरतेची लूट’ म्हणताच मराठी मनाला स्वराज्याचा खजिना आठवतो. ज्यांची घरे त्या दिवशी जळाली, त्यांच्या वंशजांना निराळेच काही आठवत असेल. आपल्या कानांवर या दोन्ही भाषा पडतात. तेव्हा हा शब्द उच्चारताना लुटणारा कोण आणि लुटला गेलेला कोण, हे दोन्ही प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी.