टंडिश : पोलादाचा शेवटचा थांबा

आज जगातलं बहुतेक पोलाद सलग ओतकामाने, म्हणजे कंटिन्युअस कास्टिंगने तयार होतं. वर लॅडल, म्हणजे वितळलेल्या पोलादाच्या रसाने भरलेलं मोठं भांडं, खाली पाण्याने थंड ठेवलेला तांब्याचा मोल्ड, म्हणजे साचा, आणि दोहोंच्या मध्ये टंडिश. आतून रिफ्रॅक्टरीचं, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या पदार्थाचं अस्तर लावलेला हा एक हौदच. लॅडल बदलताना मोल्डमध्ये पडणारी धार तुटू नये, हे त्याचं एक मुख्य काम. नावलौकिक मात्र सगळा भट्टीचा!

रसातला ऑक्सिजन काढायला ॲल्युमिनियम घालतात. त्यातून ॲल्युमिनाचे बारीक कण तयार होतात. ते पोलादापेक्षा खूप हलके, त्यामुळे वर येऊन स्लॅगमध्ये, म्हणजे रसावर तरंगणाऱ्या मळीच्या थरात मिसळू शकतात, पण त्यांना वेळ मिळाला तर. लॅडलची धार तळाशी आपटून थेट मोल्डमध्ये रस सोडणाऱ्या नोझलकडे पळाली, तर कणही तिच्याबरोबर जातात. काही नोझलच्या आत चिकटून ती तुंबवतात. म्हणून टंडिशमध्ये आडव्या भिंती घालतात : तळातून उठणारा डॅम, वरून उतरणारा वेअर. धार पडते तिथे तिचा जोर मोडणारा खोलगट ठोकळा असतो. लॅडल बदलताना पातळी फार उतरली, तर नोझलवर भोवरा होऊन वरचा स्लॅगच खाली ओढला जातो. त्या काही मिनिटांत ओतकामाच्या यंत्रावरच्या माणसाचं लक्ष पातळीवरून हलत नाही.

सुमारे १५५० अंश सेल्सिअसचा हा रस अपारदर्शक. आत काय चाललंय ते कळणार कसं? इथे निसर्गाने अभियंत्यांवर मेहेरबानी केली आहे. पोलाद पाण्याच्या सुमारे सातपट घन, पण चिकटपणाही जवळपास त्याच पटीत जास्त. त्यामुळे दोन्ही वाहतात सारख्याच स्वभावाने. ॲक्रिलिकचं टंडिश करायचं, पाणी सोडायचं, रंग टाकायचा आणि तो नोझलपाशी किती वेळाने पोचतो ते मोजायचं. पाव आकाराच्या मॉडेलमध्ये पाण्याचा वेग निम्मा ठेवावा लागतो. उष्णतेमुळे उठणारे प्रवाह मात्र साध्या पाण्यात दिसत नाहीत. तिथे संगणकावरचं गणित लागतं. तरीही पडद्यावरच्या रंगीत चित्रांपेक्षा पाण्यातली ती शाई मला अधिक विश्वासाची वाटते. निदान ती खऱ्या द्रवात तरी वाहते.

टंडिशमधून निसटलेल्या कणाला मोल्डमध्ये वर यायची आणखी एक छोटी संधी मिळते. तीही हुकली, तर पोलाद त्याच्याभोवती गोठतं आणि रोलिंग मिलमध्ये अशा कणांच्या पुंजक्यांची पत्र्यात लांब रेघ होते.