मुदतवाढीचे भिजत घोंगडे आणि बसथांब्यावरचा माणूस

कोर्टात तारीख पडली की कुणाचे फावते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. ताबा ज्याच्याकडे आहे त्याला तारीख गोड लागते. दाद मागणारा मात्र चपला झिजवतो. जगातली सर्वात श्रीमंत लोकशाही म्हणून मिरवणाऱ्या अमेरिकेच्या संसदेने रस्ते व सार्वजनिक वाहतुकीच्या पैशांबाबत २००३ पासून वारंवार हाच तारखांचा खेळ मांडला. आपल्याकडे त्याची चर्चा होत नाही. पण हा खेळ नुसता हिशेबाचा नाही. त्यात कोण भरडला जातो, हे पाहिले तर तो आपल्याला ओळखीचा वाटेल.

तिथे महामार्ग आणि बस-रेल्वेला केंद्राचा पैसा पाच-सहा वर्षांच्या कायद्याने मंजूर होतो. त्यासाठी १९५६ साली महामार्ग निधी उभारला गेला. पेट्रोलवरचा कर त्यात जमा होतो. १९८२ च्या कायद्याने या करात पाच सेंटची वाढ झाली आणि त्यातला एक सेंट सार्वजनिक वाहतुकीसाठी राखला गेला. म्हणजे वाटणीतच गाडीवाला मोठा आणि बसवाला धाकटा! कायद्याची मुदत संपली आणि नवा तयार नसला, की जुन्यालाच दोन-तीन महिन्यांचे ठिगळ लावतात. २००३ मध्ये संपलेल्या कायद्याला अशी बारा ठिगळे लागली, तेव्हा कुठे ऑगस्ट २००५ मध्ये नवा कायदा आला. तो सप्टेंबर २००९ मध्ये संपला आणि जुलै २०१२ पर्यंत दहा मुदतवाढींवर जगला. पुढचा २०१४ मध्ये संपला, त्याचेही डिसेंबर २०१५ पर्यंत तेच झाले.

कारण काय? पेट्रोलवरचा केंद्रीय कर गॅलनमागे १८.४ सेंट. तो १९९३ पासून तिथेच आहे. महागाई वाढली, गाड्या कमी इंधनात जास्त धावू लागल्या, निधी आटला. २००८ मध्ये सरकारी तिजोरीतून आठ अब्ज डॉलर ओतावे लागले आणि नंतर तो पायंडाच पडला. कर वाढवला तर गाडीवाला मतदार रागावेल, ही दोन्ही पक्षांना भीती. म्हणून २०१४ साली काय केले, तर कंपन्यांनी कामगारांच्या पेन्शन फंडात भरायची रक्कम काही काळ कमी करू दिली. त्यामुळे कंपन्यांचा करपात्र नफा वाढला आणि त्या जादा करातून रस्त्यांचा खड्डा बुजवला. कामगाराच्या म्हातारपणाची तरतूद ढिली करून डांबर टाकायचे!

तीन महिन्यांच्या पैशावर कोणी पूल बांधायला घेत नाही. नव्या बसगाड्यांची मोठी मागणी नोंदवता येत नाही. २०१५ च्या सुमारास टेनेसी, आर्कान्सा अशा राज्यांनी कामे पुढे ढकलली. कधी ठिगळही वेळेवर लागत नाही. मार्च २०१० च्या आरंभी जिम बनिंग या एका सिनेटरने विधेयक अडवले आणि वाहतूक खात्याचे सुमारे दोन हजार कर्मचारी बिनपगारी घरी बसले. त्याच विधेयकात बेकारभत्त्याची मुदतवाढही अडकली होती. एका माणसाच्या हट्टापायी!

पण आमच्या मते खरी मेख पुढेच आहे. मुदतवाढ पैशांची मिळते, तशी जुन्या नियमांनाही मिळते. दोन लाखांवर वस्तीच्या शहरी भागात केंद्राचा नेहमीचा पैसा बस विकत घ्यायला चाले. ती चालवायला, म्हणजे ड्रायव्हरचा पगार आणि डिझेलसाठी, तो सहसा वापरता येत नसे. गाडी घ्या, पण चालवू नका, असा हा न्याय. २००८ च्या मंदीत स्थानिक करांचे उत्पन्न घटले, तेव्हा या नियमाचा फास आवळला गेला.

अटलांटा शहराच्या दक्षिणेला क्लेटन काउंटी आहे. विमानतळाचा मोठा भाग तिच्याच हद्दीत येतो. १९७१ मध्ये तिथल्या मतदारांनी, जे तेव्हा बहुसंख्य गोरे होते, अटलांटाच्या वाहतूक व्यवस्थेत सामील व्हायला नकार दिला. पुढे वस्ती बदलली, कृष्णवर्णीय बहुसंख्य झाले. २००१ मध्ये काउंटीने स्वतःची बस सुरू केली. आणि पैसे नाहीत म्हणून ३१ मार्च २०१० रोजी ती सगळीच्या सगळी बंद केली! ज्याच्याकडे गाडी नाही, त्याने कामावर जायचे कसे?

शंभरपर्यंत बसगाड्या असलेल्या छोट्या सेवांना केंद्राचा पैसा रोजच्या खर्चासाठी वापरण्याची सवलत २०१२ च्या कायद्यात आली. ती वेळेत आली असती तर क्लेटनची बस वाचलीच असती, असा दावा आम्ही करणार नाही. वकिलाने पुराव्यापलीकडे बोलू नये. पण २००९ ते २०१२ या काळात तो दरवाजा बंद होता आणि दहा मुदतवाढींनी तो बंदच ठेवला, हे तारखाच सांगतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याच काउंटीच्या मतदारांनी स्वतःवर विक्रीकर लादून घेऊन अटलांटाच्या सेवेत सामील होण्याचा कौल मोठ्या बहुमताने दिला. मार्च २०१५ मध्ये बस परत आली. पाच वर्षे लोक पायी!

कोर्टात का गेले नाहीत, असे कोणी विचारील. केंद्राचा पैसा घेणाऱ्याने वंशभेद करू नये, असे १९६४ चा नागरी हक्क कायदा सांगतो. पण २००१ मध्ये सँडोव्हल खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, निर्णयाचा परिणाम विषम झाला एवढ्यावर नागरिकाला या कायद्याखाली दावा लावता येणार नाही. भेदभावाचा हेतू सिद्ध करा. आता हेतू कोण कागदावर लिहून ठेवतो? आपल्याकडचा जातिभेद तरी कोणत्या शासन निर्णयात लिहिलेला सापडतो!

२०२१ मध्ये पुन्हा तेच. ३० सप्टेंबरला मुदत संपली, सुमारे ३,७०० कर्मचारी घरी बसले, दोन दिवसांनी महिन्याभराची मुदतवाढ, मग आणखी एक. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी बायडेन यांनी नव्या कायद्यावर सही केली. महामार्गांनी चिरलेल्या वस्त्या पुन्हा जोडण्यासाठी त्यात एक अब्ज डॉलर ठेवले गेले. या कायद्याने वाहतुकीला दिलेली मुदत ३० सप्टेंबर २०२६ ची आहे.